मेंढीच्या डोक्यातली सळई : लाळवाहिन्यांच्या शोधाची आणि भांडणाची कथा

२०२० च्या ऑक्टोबरात, करोनाच्या आकड्यांनी भरलेल्या वृत्तपत्रांत एका वेगळ्याच बातमीला जागा मिळाली. माणसाच्या डोक्यात आजवर कोणाच्या ध्यानात न आलेली लाळग्रंथींची एक जोडी सापडली आहे, असा दावा ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील संशोधकांनी केला होता. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी एक विशिष्ट स्कॅन करतात. त्यात वापरले जाणारे किरणोत्सारी द्रव्य लाळग्रंथींतही साठते आणि त्यामुळे त्या ग्रंथी प्रतिमेत उजळ दिसतात. अशा १०० रुग्णांच्या प्रतिमा तपासताना नाकाच्या मागच्या बाजूस, कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी, दोन अनपेक्षित उजळ पट्टे दिसले. त्यांची लांबी सरासरी ४ सेंटिमीटरच्या जवळपास होती. संशोधकांनी त्यांना ‘ट्युबेरियल ग्रंथी’ असे नाव दिले. समाजमाध्यमांनी ‘माणसाच्या शरीरात नवा अवयव’ असा मथळा दिला. शरीररचनेचे जाणकार मात्र इतक्या सहज मान डोलवायला तयार नव्हते.

बातमी विरली, वाद उरला. ग्रंथी सापडली असे केव्हा म्हणायचे, हा त्या वादाचा गाभा आहे. गंमत अशी की, याच ॲमस्टरडॅम शहरात ३६० वर्षांपूर्वी लाळग्रंथीवरूनच एक कडाक्याचे भांडण झाले होते. एका बाजूला नुकताच नेमलेला प्राध्यापक होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच घरात राहणारा २२ वर्षांचा विद्यार्थी. भांडण ग्रंथीचे नव्हतेच. ग्रंथी सगळ्यांनी पाहिलेली होती. भांडण होते तिच्यातून निघणाऱ्या काडीएवढ्या जाडीच्या एका नळीचे.

पुढे जाण्यापूर्वी ही नळी स्वतःच्या बोटाने पाहून घ्यावी. दात घट्ट आवळले की गालाच्या मागच्या भागात एक कडक स्नायू उभा राहतो. हा आपला चर्वणस्नायू. गालाच्या हाडाखाली साधारण बोटभर अंतरावर, या ताणलेल्या स्नायूवरून बोट हलकेच वरखाली फिरवले, तर सुतळीसारखे काहीतरी बोटाखालून सरकते. हीच पॅरोटिड, म्हणजे अनुकर्ण ग्रंथीची वाहिनी. ही ग्रंथी कानासमोर आणि किंचित खाली, जबड्याच्या कडेला लपेटून बसलेली असते. गालगुंड झाल्यावर मुलाचा चेहरा ज्यामुळे भोपळ्यासारखा दिसतो, ती हीच. तिथून निघालेली सुमारे ५ सेंटिमीटर लांबीची वाहिनी स्नायूवरून पुढे येते, त्याच्या पुढच्या कडेशी एकदम आत वळते, गालाचा स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूस उघडते. तिथे जिभेने चाचपल्यास एक बारीकसा उंचवटा लागतो.

दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूस आहे. ती अधोहनु ग्रंथी. तिची वाहिनी जिभेखाली, जिभेला तळाशी बांधून ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडते. आरशासमोर जीभ वर करून कैरीची फोड नुसती हुंगली, तरी तिथे पाण्याचे थेंब डोकावताना दिसतात. तिसरी जोडी, अधोजिव्हा ग्रंथी, जिभेखालच्या त्वचेलगत बदामासारखी पसरलेली असते. तिला एक सलग वाहिनी नाही. तिला आठ ते वीस छोट्या वाहिन्या असतात. यांशिवाय ओठ, गाल, टाळू आणि घसा यांच्या अस्तरात विखुरलेल्या ६०० ते १००० सूक्ष्म ग्रंथी आहेत. या सगळ्यांतून मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात उतरते. दातांवरचे किटण खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूस सर्वांत लवकर का साठते, याचे कारणही या वाहिन्यांच्या तोंडांतच आहे. लाळेतले क्षार बाहेर पडताच जे दात प्रथम भेटतात, त्यांच्यावर ते बसतात.

आज हे सारे शाळेच्या पुस्तकातल्या एका आकृतीत मावते. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र युरोपातल्या विद्वानांची समजूत निराळी होती. ग्रीक परंपरेतून आलेल्या मतानुसार मेंदू हा थंड आणि ओलसर अवयव होता. शरीरातली वाफ वर चढते, मेंदूच्या थंडाव्याने तिचे पाणी होते आणि ते मेंदूच्या तळातून नाकात, टाळूवर आणि घशात झिरपते, असे मानत. पडसे, कफ, अश्रू, एवढेच काय पण लाळेचाही पुष्कळसा भाग याच झिरपण्यातून येतो, अशी धारणा होती. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचे लॅटिन नावच मुळी कफावरून पडले आहे. मेंदूतला कफ गाळणारी चाळणी, एवढेच तिचे काम समजले जाई. कानाखालच्या मांसल गोळ्यांचे काय? ते रक्तवाहिन्यांना टेकू देणारे, पोकळ्या भरून काढणारे किंवा ओलावा टिपून घेणारे बोळे मानले जात.

ही समजूत आज हास्यास्पद वाटते, पण ती मूर्खपणाची नव्हती. पडसे झाल्यावर डोके जड होते, नाक वाहते, डोळे पाणावतात आणि घशाशी कफ येतो. वरून काहीतरी गळते आहे, असा अनुभव कोणालाही येतो. त्या अनुभवाला छेद द्यायचा, तर द्रव नेमका कोणत्या वाटेने येतो हे दाखवणे भाग होते. नुसती ग्रंथी दाखवून भागत नव्हते.

वाट दाखवण्याची सुरुवात पोटातून झाली. १६४२ मध्ये इटलीतील पादुआ येथे योहान गेओर्ग विर्सुंग याला एका फाशी गेलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात एक सलग नळी दिसली. ती कशासाठी आहे, हे त्याला कळेना. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचे चित्र कोरले आणि त्याचे ठसे युरोपातल्या नामवंत शरीररचनाकारांना पाठवून विचारले, की ही धमनी म्हणावी, शीर म्हणावी की आणखी काही? समाधानकारक उत्तर मिळण्यापूर्वीच, १६४३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या घरासमोर रात्री त्याचा गोळी घालून खून झाला. स्वादुपिंडाच्या या वाहिनीला आजही त्याचेच नाव आहे.

त्यानंतर लंडनच्या टॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये केवळ ग्रंथी या विषयाला वाहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अधोहनु ग्रंथीच्या वाहिनीचे नीट वर्णन आहे. ती त्यांनी प्रथमच पाहिली असे म्हणता येत नाही. बोलोन्याच्या अकिलीनी यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी तिचा उल्लेख करून ठेवला होता. पण तिचा माग ग्रंथीपासून तोंडापर्यंत काढून तिचे लाळेशी असलेले नाते ठसवले ते व्हार्टन यांनी, आणि नाव त्यांचे राहिले. मात्र ग्रंथींचे प्रयोजन सांगताना तेही चाचपडत होते. मज्जातंतूंतून एक रस वाहतो आणि ग्रंथी त्याची ने-आण करतात, असे त्यांना वाटे. अवटू ग्रंथीला आज जगभर रूढ असलेले नाव त्यांनीच दिले आणि तिच्या उपयोगांत स्त्रियांच्या गळ्याला गोलाई आणणे हाही एक धरला! सर्वांत मोठ्या लाळग्रंथीची, म्हणजे कानासमोरच्या पॅरोटिडची वाहिनी मात्र त्यांच्या पुस्तकात नव्हती.

१६६० च्या वसंतात निल्स स्टेनसन हा डॅनिश तरुण ॲमस्टरडॅमला पोहोचला. पुढे लॅटिन रूपाने स्टेनो म्हणून ओळखला गेलेला हा मुलगा कोपनहेगनच्या एका सोनाराचा. गेरार्ड ब्लासियस या वैद्यकाच्या प्राध्यापकांकडे त्याची राहण्याची आणि शिकण्याची सोय झाली होती. येऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील. ७ एप्रिल रोजी त्याने स्वतःच्या पैशांनी मेंढीचे एक डोके विकत आणले आणि एकट्यानेच ते फाडायला घेतले. त्याला खरे तर मेंदू पाहायचा होता. त्याआधी तोंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पाहून घ्याव्यात म्हणून त्याने एका नळीत बारीक सळई सारली. ती कोठेही न अडता सरळ पुढे गेली. तिचे टोक एका मोकळ्या जागेत हलते आहे असे त्याला जाणवले, आणि आणखी थोडी पुढे ढकलताच ती दातांवर आपटून खणकली.

धातू दातावर आपटल्याचा तो आवाज निर्णायक होता. रक्तवाहिनीत घातलेली सळई दातांपर्यंत पोहोचण्याचे काही कारणच नव्हते. सोनाराच्या घरात वाढलेल्या मुलाच्या बोटांना बारीक तार आणि सळई यांची सवय असेल आणि म्हणूनच ती नळी न फाटता पार झाली असेल, असे मला नेहमी वाटत आले आहे. याला पुरावा मात्र काही नाही.

स्टेनोने लगेच ब्लासियस यांना बोलावून दाखवले. त्यांचे म्हणणे पडले की, सळई जोराने खुपसल्यामुळे खोटी वाट तयार झाली असावी, नाहीतर हा निसर्गाचा एखादा अपवाद असावा. व्हार्टन यांचे पुस्तक उघडून पाहिले. त्यात काही नव्हते. काही दिवसांनी कुत्र्याच्या डोक्यातही स्टेनोला तीच वाहिनी सापडली. नवख्या विद्यार्थ्याला आपल्या शोधाचे मोल नीट उमगले नव्हते. त्याने एका मित्राला त्याविषयी सांगितले आणि उन्हाळ्यात तो लायडन विद्यापीठात दाखल झाला. तिथे सिल्व्हियस या प्राध्यापकांनी माणसाच्या शरीरातही ही वाहिनी शोधून पाहिली आणि ती मिळाली. त्यांचे सहकारी व्हॅन होर्न यांनी जाहीर प्रात्यक्षिकात ती दाखवली आणि तिला ‘स्टेनोची वाहिनी’ म्हटले.

इथे ठिणगी पडली. ब्लासियस यांनी १६६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा शोध आपला म्हणून सांगितला आणि विद्यार्थ्याने तो चोरला असा त्यांच्या बाजूचा आरोप सुरू झाला. या आरोपाचे वजन आजच्या विद्यार्थ्यांनाही सहज कळेल. परक्या देशातला, पदवी न मिळालेला तरुण एका बाजूला आणि त्याला घरात ठेवून घेणारा प्राध्यापक दुसऱ्या बाजूला. चोर ठरला असता, तर स्टेनोचे नाव तिथेच संपले असते. त्याने कोपनहेगनमधले आपले गुरू टॉमस बार्टोलिन यांना एप्रिल १६६१ मध्ये सविस्तर पत्र लिहून त्या दिवशीची हकिकत क्रमवार कळवली. आज आपल्याला जे तपशील माहीत आहेत, ते याच पत्रामुळे.

पण त्याचा खरा बचाव त्याच्या पुढच्या कामात होता. ब्लासियस यांच्या पुस्तकातल्या वर्णनाकडे बोट दाखवून त्याने विचारले, की ज्याला वाहिनीचा आरंभ आणि शेवट नीट सांगता येत नाही, त्याने ती शोधली असे कसे म्हणावे? आणि मग तो स्वतः एकेक ग्रंथी घेऊन बसला. जुलै १६६१ मध्ये तोंडातल्या ग्रंथींवरचा प्रबंध त्याने लायडनला विद्वानांपुढे मांडला. १६६२ मध्ये निरीक्षणांचे पुस्तक आले. गाल, टाळू, जीभ, नाक असे करत तो डोळ्यांपर्यंत पोहोचला आणि अश्रुग्रंथीतून निघून पापणीच्या आत उघडणाऱ्या बारीक वाहिन्या त्याने दाखवल्या. अश्रू मेंदूतून गळत नाहीत, डोळ्यावरच्या ग्रंथीतून येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. सुमारे याच सुमारास जर्मनीतल्या विटेनबर्गचे कोनराड श्नायडर हेही मेंदूच्या तळातून नाकात द्रव उतरण्याची वाटच नसल्याचे आणि नाकातला स्राव नाकाच्या अस्तरातच तयार होत असल्याचे दाखवत होते. दोघांच्या कामांनी मिळून, दीड हजारांहून अधिक वर्षे टिकलेल्या त्या गळत्या मेंदूचा आधार काढून घेतला.

लाळ येते कशापासून, या प्रश्नावर स्टेनोने व्हार्टन यांच्या मज्जारसाला नकार दिला. लाळ धमनीतल्या रक्तापासून होते, ग्रंथी ती रक्तातून वेगळी काढते आणि वाहिनी ती तोंडात पोहोचवते, असे त्याचे म्हणणे होते. त्यामागे हार्वी यांच्या रक्ताभिसरणाचा नवा विचार होता. वेगळी काढते म्हणजे कशी, याबद्दल मात्र ग्रंथीला चाळणी कल्पिण्यापलीकडे त्या काळाला जाता आले नाही.

स्टेनोचे पुढचे आयुष्य एका लेखात मावणारे नाही. हृदय हा स्नायू आहे असे त्याने दाखवले, इटलीत शार्कच्या डोक्याच्या विच्छेदनावरून तो जीवाश्मांकडे आणि खडकांच्या थरांकडे वळला, १६६९ चा त्याचा ग्रंथ भूविज्ञानाच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो, आणि अखेरीस तो कॅथलिक बिशप झाला. ब्लासियस यांनीही पुढे प्राण्यांच्या शरीररचनेवर मोलाचे काम केले. या भांडणात त्यांची बाजू पडली म्हणून त्यांना निव्वळ खलनायक ठरवणे योग्य होणार नाही. राहिलेल्या अधोजिव्हा ग्रंथीच्या छोट्या वाहिन्या लाइपझिगच्या रिविनस यांनी १६७९ च्या सुमारास वर्णिल्या आणि तिच्या मोठ्या वाहिनीला नाव मिळाले ते कास्पर बार्टोलिन यांचे. ज्या गुरूंना स्टेनोने ते पत्र लिहिले, त्यांचाच हा मुलगा.

अशा विषयावर लिहिले की एक प्रतिक्रिया हमखास येते : हे तर आपल्या ग्रंथांत आधीच होते. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे बरे. चरकसंहितेत शरीरातल्या पाण्याच्या स्रोतसांचे मूळ टाळू आणि क्लोम येथे सांगितले आहे, आणि ती स्रोतसे बिघडली की जीभ, टाळू, ओठ व कंठ कोरडे पडतात, असे लक्षण दिले आहे. वाग्भटाने जिभेच्या ठिकाणी राहून रसाचे ज्ञान करून देणारा ‘बोधक कफ’ मानला आहे. ओलाव्याशिवाय चव कळत नाही, हे निरीक्षण अचूक आहे आणि ते भारतात फार पूर्वी नोंदले गेले. पण क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, यावरच अभ्यासकांत एकमत नाही. आणि ग्रंथीपासून तोंडापर्यंत जाणाऱ्या वाहिनीचे वर्णन तिथे नाही. सुश्रुतसंहितेतील विच्छेदनाची पद्धत लक्षात घेतली, तर याचे कारणही सुचते. मृतदेह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यायचा आणि मग वाळ्याच्या किंवा तशाच कुंच्याने एकेक थर हळूहळू घासून काढायचा, अशी ती रीत आहे. तिने त्वचेचे थर, स्नायू, सांधे, हाडे उत्तम दिसत असतील. गालातली मऊ, बारीक नळी सात दिवसांनंतर कुंच्याखाली टिकली असती, असे मला वाटत नाही. साधन बदलले की दिसणारे शरीरही बदलते. सळई आत घालण्याची युक्ती सुश्रुताच्या परंपरेला जखमा आणि नाडीव्रण यांच्या बाबतीत पूर्ण परिचित होती. ती लाळग्रंथीकडे वळली नाही, इतकेच.

आधुनिक विच्छेदन भारतात सुरू झाले ते १८३६ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात. पंडित मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून हातात शस्त्र घेतले. आयुर्वेद शिकलेला आणि शिकवलेला हा माणूस होता, हे विसरू नये. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. या महाविद्यालयांतून स्टेनो आणि व्हार्टन यांची नावे आपल्याकडे आली ती इंग्रजी उच्चारांत. आजही नागपूरपासून गुवाहाटीपर्यंतचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘स्टेनसन्स डक्ट’ आणि ‘व्हार्टन्स डक्ट’ घोकत असतो. १८९५ पासून आंतरराष्ट्रीय परिभाषेने व्यक्तिनामे वगळून वर्णनात्मक नावे स्वीकारली आहेत. परीक्षक आणि शल्यविशारद यांना ते मानवलेले दिसत नाही.

चाळणीच्या कल्पनेचा निकाल लागायला १८५० चे दशक उजाडले. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी कुत्र्याच्या अधोहनु ग्रंथीच्या वाहिनीत, म्हणजे व्हार्टन यांच्याच वाहिनीत, एक नळी बसवून तिला दाबमापक जोडला. ग्रंथीकडे जाणाऱ्या मज्जातंतूला विजेने उद्दीपित करताच लाळ वाहू लागली. मग त्यांनी वाहिनीतला दाब आणि ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला दाब यांची तुलना केली. लाळेचा दाब रक्ताच्या दाबापेक्षा वर चढला! रक्त नुसते गाळले जात असते, तर गाळून आलेल्या द्रवाचा दाब रक्ताहून जास्त होणे शक्यच नव्हते. म्हणजे ग्रंथीतल्या पेशी ऊर्जा खर्च करून, मज्जातंतूंच्या आज्ञेने लाळ घडवतात. व्हार्टन आणि स्टेनो दोघेही थोडे थोडे चुकले होते आणि थोडे थोडे बरोबरही होते. पुढे याच लुडविग यांच्या लाइपझिगमधील प्रयोगशाळेत काही काळ काम करून गेलेल्या इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लाळवाहिनीचे तोंड गालाच्या बाहेर आणून बसवले गेले आणि लाळेचे थेंब मोजता येऊ लागले. पावलॉव्ह म्हटले की सर्वांना घंटा आठवते. प्रयोगाचा सारा डोलारा मात्र त्या वळवलेल्या वाहिनीवर उभा होता.

दवाखान्यातही ग्रंथीपेक्षा वाहिनीच जास्त बोलते. लाळेतले खडे पाचांपैकी चार वेळा अधोहनु ग्रंथीच्या वाहिनीत सापडतात. तिथली लाळ अधिक दाट आणि कॅल्शियमयुक्त असते, वाहिनीला एका स्नायूच्या कडेवरून वळसा घ्यावा लागतो आणि लाळेला खालून वर, उताराच्या उलट दिशेने जावे लागते. जेवायला बसले की जबड्याखाली गाठ येते आणि जेवणानंतर तासा-दोन तासांत उतरते, असे रुग्ण सांगतो, तेव्हा जाणकार डॉक्टरचे बोट आधी जिभेखाली जाते.

भारतात या वाहिन्यांचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो कर्करोगाच्या वॉर्डात. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. घसा, जीभ किंवा जबडा यांवर किरणोपचार करताना गाठीला ६५ ते ७० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. शेजारच्या पॅरोटिड ग्रंथीला मात्र सरासरी २५ ग्रेच्या आसपास मात्रा बसली, तरी तिची लाळ फार मोठ्या प्रमाणात कायमची आटते. कर्करोग बरा होतो आणि माणूस पुढची वर्षे कोरड्या तोंडाने काढतो. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, दात भराभर किडतात, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हे सांगायला नको.

किरणांचा आकार बदलून निदान एका बाजूची पॅरोटिड वाचवता येईल काय? ब्रिटनमधील ९४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तोंडाच्या लक्षणीय कोरडेपणाचा त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता. ग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. भारतात टाटा स्मारक केंद्राने ६० रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यातही नव्या तंत्राने लाळग्रंथींची हानी कमी झाल्याचे दिसले. आपल्या रुग्णालयांत आपल्याच रुग्णांवर हे तपासले जाणे महत्त्वाचे होते, कारण हे तंत्र महाग आहे आणि रांग लांब आहे.

यानंतर गोष्ट पुन्हा स्टेनोच्या नळीपाशी येते. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्याच ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी दाखवले की, पॅरोटिडला पुन्हा घडवू शकणाऱ्या मूळ पेशी ग्रंथीभर सारख्या पसरलेल्या नसून तिच्या मोठ्या वाहिन्यांलगत एकवटलेल्या असतात. मग संपूर्ण ग्रंथीऐवजी वाहिनीजवळचा तेवढाच भाग जपला तर? कल्पना सुंदर होती. पुढच्या यादृच्छिक चाचणीत मात्र प्रचलित ग्रंथीरक्षक उपचारांपेक्षा तिचा वेगळा लाभ दिसला नाही. प्रचलित उपचारांतच ग्रंथीला बसणारी मात्रा बरीच कमी झाली होती.

आता पुन्हा २०२० च्या त्या उजळ पट्ट्यांकडे. त्या संशोधकांनाही स्कॅनवर थांबून चालणार नव्हते. त्यांनी दोन मृतदेहांतील तो भाग तपासला आणि घशाच्या वरच्या भिंतीवर उघडणाऱ्या वाहिन्या दाखवल्या. किरणोपचार झालेल्या ७२३ रुग्णांच्या नोंदी पाहता, या भागाला जितकी जास्त मात्रा बसली, तितका तोंडाचा कोरडेपणा आणि गिळण्याचा त्रास अधिक होता, असेही त्यांना आढळले. शंका घेणाऱ्यांचे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. स्कॅन मुळात प्रोस्टेटच्या रुग्णांचे, त्यामुळे १०० जणांत स्त्री फक्त एक. विच्छेदन फक्त दोन देहांचे. आणि या जागेला पॅरोटिडसारखी एक मोठी वाहिनी नाही; अनेक लहान तोंडे आहेत, जशी घशाच्या अस्तरातल्या, पूर्वीपासून माहीत असलेल्या सूक्ष्म ग्रंथींना असतात. दाट वस्तीला नवे गाव म्हणावे की जुन्याच गावाची वाडी, असा हा तंटा आहे. किरणोपचारांचा आराखडा आखणाऱ्या डॉक्टरला त्याच्या निकालासाठी थांबता येत नाही. नाव काहीही ठरले, तरी त्या पट्ट्यावर किती मात्रा पडू द्यायची, हे त्याला आजच्या रुग्णासाठी आजच ठरवावे लागते.